दिल्लीच्या वरचं कोर्ट

प्रेमलता पहिल्या बाळंतपणाला नागपूरला माहेरी आली, ते १९७२ साल. त्याच आठवड्यात घरमालक मनोहररावांनी भाडेकरूंच्या संडासाला कुलूप घातलं. प्रेमलताचे वडील वामनराव सदर भागात कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून देत, आणि शेजारच्या भाडेकरूनं मालकावर केलेला अर्ज त्यांच्याच मशीनवर निघाला होता.

“जा ना गा कोर्टात!” मनोहरराव ओट्यावरून म्हणाले. “दिल्लीपर्यंत माहे वकील बसून हायेत.”

आठव्या महिन्याचं पोट सांभाळत प्रेमलता संडासासाठी दोन गल्ल्या ओलांडून मावशीकडे जाऊ लागली.

“एखाद्या दिवशी रस्त्यातच बाळंत होईन वं माय,” ती म्हणाली.

प्रेमलताची आई गोपिका नवऱ्यावर उखडली. “दुनियेचे अर्ज लिहून राहिले तुम्ही. पोरीचा काहून नाही?”

वामनराव विचारात पडले. दिल्लीच्या वर काय असतं? विमानांच्या वादात भारत-पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. बसले मशीनवर. मानवी हक्क, गरोदर बाई, एक कुलूप. इंग्रजीत दोन पानं झाली. रात्रभर विचार न करता सकाळीच टपालात टाकली.

महिन्यानं परदेशी तिकिटाचं पाकीट आलं. पोस्टमननं ते मनोहररावांच्या देखतच हातात दिलं. वामनरावांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काय म्हणते तुमचं कोर्ट?” मनोहररावांनी हसत विचारलं.

“एकट्या माणसाची तक्रार तिथं चालत नाही म्हणते.” वामनरावांना खोटं बोलणं जमत नसे.

“मंग कोणाची चालते?”

“देशाची. माह्यासाठी भारत सरकारले उभं राहा लागते.”

मनोहररावांचं हसू थांबलं. “माह्या संडासापायी? सरकार?”

“अजी, तसं नाही...”

“अन् तारखेले कुठं जा लागते?”

“हॉलंडले. पण ऐका तर...”

“तिथं तर माहा एकही वकील नाही!” मनोहरराव आत पळाले आणि किल्ली घेऊन आले. “हे घ्या. सरकारले कळवा, मामला मिटला.”

गोपिकेनं किल्ली घेतली आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. पाचव्या दिवशी प्रेमलताला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पुढे वामनरावांनी दोनदा खरं काय ते समजावून पाहिलं. पण मनोहररावांना ते ऐकायचंच नव्हतं. पानठेल्यावरचे इतर घरमालक आता त्यांना आधी बसायला जागा देत.

“तुमच्या केसेस जिल्ह्यातल्या,” मनोहरराव त्यांना म्हणत. “माही हेगले चालू हाये!”

१९८१ च्या डिसेंबरात मनोहरराव वारले. केस चालूच होती.