अर्ज फक्त फॅक्सने

"आज पाचच्या आत फॅक्स जाणार म्हणजे जाणार!" कुशाबा घाडींनी सकाळच्या चहाबरोबरच जाहीर करून टाकलं. "मिलमध्ये जॉबर होतो मी! चाळीस माग सांभाळलेत. हा एवढासा लॅपटॉप मला भारी पडतोय होय?"

प्रकरण असं होतं की, नात श्रेयाच्या साखरपुड्याला गावाच्या मंडळाचा परळचा हॉल हवा होता. तारीख एक आणि मागणारे दोघे. आज पाचपर्यंत अर्ज पोचला नाही तर हॉल दुसऱ्यांचा. आणि मंडळाचा नियम काय, तर अर्ज फक्त फॅक्सने! समक्ष नाही, मेलने नाही!

"कुठल्या गाढवाने केला गो हा नियम?" कुशाबांनी दहाव्यांदा विचारलं. डिलाईल रोडवरच्या तीन झेरॉक्सवाल्यांनी तर फॅक्सचं नाव ऐकून दात काढले होते.

"आजोबा, माझ्या लॅपटॉपमध्ये सिमकार्ड बसतं," श्रेया म्हणाली. "त्यातूनच फॅक्स पाठवू."

पण जाईल तर शपथ! दुपारपर्यंत सेटिंग्ज उलटीपालटी केल्यावर कळलं की आतलं सिम नुसतं इंटरनेटचं, त्यावरून फोनच लागत नाही. मग कुशाबांच्या मोबाइलमधलं सिम काढून आत घातलं. लागला! मंडळाचा कारकून हेमचंद्र याने तिकडे रिसीव्हर उचलला आणि लॅपटॉपमधून आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

कुशाबा लॅपटॉपवर वाकून ओरडले, "अरे, मी कुशाबा! फॅक्सची टोन दे!" पूर्वीची पद्धतच तशी, आधी बोलायचं आणि मग टोन मागायची. पण त्यांचं बोलणं पुढे जातंय कुठे? लॅपटॉप पाठवणार तो नुसता फॅक्सचा आवाज! लॅपटॉपने हेमचंद्रच्या कानात कर्कश किंकाळी मारली. फोन कट! पुन्हा लावला. पुन्हा हॅलो, पुन्हा किंकाळी.

आठव्या खेपेला हेमचंद्र कडाडला, "कोण रे टवाळ तो? थांब, वायरच उपटतो!" आणि खरंच उपटली! श्रेयाने आपल्या फोनवरून लावून पाहिलं, तर नुसतीच रिंग.

साडेचार वाजले. कुशाबा अर्ज घेऊन तरातरा परळला पोचले.

"समक्ष चालत नाही काका," हेमचंद्र कान चोळत म्हणाला.

"मेल्या, तो टवाळ मीच! आधी सांग, हा नियम केला कुणी? नाव दाखव, आत्ता त्याच्या घरी जातो!"

हेमचंद्रने भिंतीकडे बोट दाखवलं. फ्रेममध्ये पिवळा पडलेला ठराव होता. 'सभासद अर्ज घेऊन येतात, चहा पितात आणि तासन्‌तास भांडत बसतात. सबब यापुढे अर्ज फक्त फॅक्सने घ्यावेत. चिटणीस, कु. भि. घाडी. १९९८.'

कुशाबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सही त्यांचीच होती.

हेमचंद्र फॅक्स मशीनकडे वळला. त्याने वायर जोडली, अर्ज मशीनमध्ये सरकवला आणि कॉपीचं बटण दाबलं. पलीकडून कागद सरसरत बाहेर आला. "हा बघा, आला फॅक्स. चार पंचावन्न. हॉल तुमचा!"

घरी श्रेया दारातच उभी होती. "मिळाला? वा! आणि त्या गाढवाला चांगला झाडलात की नाही?"

कुशाबा खाली मान घालून मोबाइलमध्ये सिम बसवत राहिले.

"जाऊ दे गो," ते पुटपुटले. "म्हातारा माणूस आहे बिचारा."