त्र्यंबकरावांच्या भिंतीवरचा सरताजकुमार

आमचे शेजारी त्र्यंबकराव सुपेकर सकाळी अंघोळ आटोपली, की देवांच्या आधी सरताजकुमारचं तोंड पुसायचे. देव बिचारे ताम्हनात ताटकळत बसलेले, आणि हा पन्नाशीला टेकलेला सरकारी हेडक्लार्क, कमरेला ओला पंचा, हातात जुन्या धोतराचा तुकडा, भिंतीवरच्या पत्र्याच्या गिटारी एकेक करून पुसतो आहे. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या त्या घरात मी बिऱ्हाड केलं त्या पहिल्याच सकाळी हे दृश्य खिडकीतून पाहिलं आणि बायकोला हाक मारून म्हटलं, ये, शेजार बघून घे. करमणुकीची सोय झाली.

सरताजकुमार म्हणजे त्या वेळचा हिंदी सिनेमातला हीरो. गळ्यात गिटार अडकवून घोडा पळवायचा. घोडा पळतोय आणि हा दोन्ही हातांनी गिटार वाजवतोय, तर लगाम कोण धरतो, असा प्रश्न पब्लिकला कधी पडला नाही. त्याची चलती पाहून मुंबईच्या कोण्या खेळणीवाल्यानं पोरांसाठी पत्र्याच्या गिटारी काढल्या. हातभर लांब, चार तारा, पोटावर सरताजकुमारचा रंगीत फोटो चिकटवलेला आणि खाली ठळक अक्षरांत त्याचं नाव. रंग इतके भडक, की चेहरा नावावरूनच ओळखायचा. आमच्याकडे त्या यायच्या क्षिप्रेकाठच्या कार्तिक मेळ्यात. दर वर्षी फोटो नवा. पोरं त्या घेत, संध्याकाळपर्यंत तारा तोडत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बॅट करून क्रिकेट खेळत. त्र्यंबकराव मात्र त्या भिंतीवर टांगत.

आमची पमी तेव्हा लहान होती. ती एकदा त्यांच्या घरात शिरली आणि तिनं एका गिटारीला हात घातला. त्र्यंबकरावांनी तो हात अलगद बाजूला केला आणि म्हणाले, "बात अशी आहे बेटा, हे खेळणं आहे, खेळायचं नाही." पमीनं घरी येऊन विचारलं, मग खेळण्याचं काय करायचं असतं? मी सांगितलं, हेडक्लार्क झालीस की कळेल.

हे 'बात अशी आहे' त्यांचं ठरलेलं. आमच्या उज्जैनच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली, की वेगळी काढायला गेलात तर वाक्यच हातात येणार नाही. पण त्र्यंबकराव 'बात अशी आहे' म्हणाले, की समोरच्यानं ओळखावं, आता नकार येतोय. साहेबांनी जादा काम सांगितलं, बात अशी आहे. कुणी स्थळ सुचवलं, बात अशी आहे. गृहस्थ बिनलग्नाचे ते बिनलग्नाचेच राहिले. लश्कर शहराहून बदलून इथे आलेले, मागे ना कोणी पुढे ना कोणी. संसार म्हणजे एक ट्रंक, एक शेगडी आणि या गिटारी.

कार्तिक मेळा आला, की हा माणूस अर्जावर 'धार्मिक कार्य' लिहून रजा घ्यायचा. एकदा मी मुद्दाम बरोबर गेलो. खेळण्याच्या दुकानदारानं दुरूनच आरोळी दिली, "आओ बाबूजी, आपका हीरो आ गया!" त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला, गिटारींचा गठ्ठा सोडायला लावला आणि खाली बसून एकेक निरखायला लागले. हिचा रंग कपाळावर उतरलाय. हिच्या डोळ्यावर खळ लागलीय. मुलगी पाहायला गेलेली मंडळीसुद्धा इतकं बारकाईनं पाहत नाहीत. तार वाजते का, खुंटी फिरते का, याची चौकशी मात्र शून्य. मी म्हटलं, अहो भिया, वाजवून तरी बघा. तर माझ्याकडे असे पाहायला लागले, की जसं काही मी देवळात विडी पेटवली.

आणि एवढा भक्त, पण सरताजकुमारचा एक सिनेमा पाहिलेला नाही! सरताजकुमारचाच काय, कोणाचाच नाही. फुकटचा पास हातात ठेवला तरी हात झटकायचे. सिनेमानं घरं बुडतात म्हणायचे. मूर्ती घरात आणि देवळाला शिव्या, असा हा पंथ. आमचं दोघांचं दफ्तर एकच, तिथे आम्ही त्यांना 'सरताज महाराज' म्हणायचो, तोंडावर म्हणायचो, आणि ते मान खाली घालून टाचणी शोधत बसायचे.

मग एका वर्षी मेळ्यातून रिकाम्या हातानं परतले. गिटारी आल्या होत्या, नावही तेच होतं, पण फोटो गेला होता. त्याच्या जागी कुणी तरी ब्रशनं रंगवलेलं चित्र, मिशा कोरलेल्या, गाल टोमॅटोसारखे. मी म्हटलं, नवीन छाप आहे, संग्रहात भर पडेल, घ्या की. ते उठून चालायला लागले. दोन दिवस दफ्तरात आले नाहीत आणि आले तेव्हा दाढी वाढलेली. आम्ही एकमेकांना डोळे मारले. कोणीतरी म्हणालंसुद्धा, की सरताज महाराजांना सुतक आहे.

त्यानंतर राज्य बदललं. म्हणजे ते तर आमच्याकडे सारखंच बदलायचं. आधी संस्थान होतं, मग मध्य भारत झाला, आता मध्य प्रदेश. खुर्ची तीच, टेबलाचा डुगडुगणारा पाय तोच, दारावरची पाटी तेवढी नवी. पण या खेपेला राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग आमची दफ्तरंही. रोज देवास गेटवर कोणाचं तरी सामान बसच्या टपावर चढत होतं. त्र्यंबकरावांचा हुकूमही आला, सोमवारी भोपाळला हजर व्हा.

आणि त्याच सोमवारी टावर चौकाजवळच्या नव्या थिएटरचं उद्घाटन करायला खुद्द सरताजकुमार येणार होता.

त्र्यंबकरावांनी साहेबांना सांगितलं, बात अशी आहे, सोमवारी जमणार नाही. साहेबांनी समजावलं, की नव्या राज्यात नवी यादी होतेय, उशिरा गेलात तर नाव खाली जाईल, कदाचित नोकरीच जाईल. मीही संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसलो. म्हटलं, त्र्यंबकराव, या वयात नोकरी घालवून नटाचं तोंड बघायचं? लोक शेण घालतील तोंडात. ते म्हणाले, "घालू देत. मला त्या माणसासमोर एकदा उभं करा, बस. तुमच्या पाया पडतो." आणि खरंच वाकले. मी घाईनं त्यांना धरलं. एवढा अगतिक झालेला माणूस मी पाहिला नव्हता, आणि तोही पत्र्याच्या गिटारीपायी.

आमच्या गणेशोत्सवाच्या कमिटीचे अध्यक्ष वकीलसाहेब. त्यांना भेटलो. त्यांनी थिएटरच्या सेठजींना गाठून सत्काराची पाच-दहा मिनिटं मिळवली. मराठी माणूस परमुलखात कुठेही असो, कोणी मोठा दिसला की त्याला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय त्याचा हात शांत बसत नाही. वकीलसाहेबांच्या डोक्यातून आणखी एक अफलातून कल्पना निघाली, की त्र्यंबकरावांच्या सगळ्या गिटारी स्टेजच्या मागे झेंडूच्या माळांत टांगायच्या. हीरो खूष होऊन जाईल! त्र्यंबकराव स्वतः स्टुलावर चढून त्या टांगत होते. प्रत्येक फोटोचं तोंड समोर येईल असं बघत होते.

सरताजकुमार आला. काळा चष्मा, पांढरे बूट, सिनेमात दिसतो त्याच्या निम्मा. वकीलसाहेबांचा जन्म माळव्यात गेला, तरी स्टेजवर चढले की त्यांच्या हिंदीला मराठी फुटायची. म्हणाले, "हमारे त्र्यंबकराव के भिंत पर आप ही आप है!" टाळ्या पडल्या. त्र्यंबकरावांनी एक गिटार काढून पुढे केली. सरताजकुमारनं चष्मा काढला, गिटार उलटसुलट करून पाहिली आणि त्याचं तोंड आंबलं.

"ये मैं नहीं हूँ," तो म्हणाला.

त्यानं मागे वळून झेंडूत टांगलेल्या त्या सगळ्या सरताजकुमारांकडे पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, की माझ्या नावावर कोणाचाही फोटो छापून विकणारी ही नकली कंपनी आहे, हिच्यावर मी दावा लावून हे फोटो बंद करवले, आणि तुम्ही इथे त्यांचंच तोरण बांधलंय! मग काय, जो हशा उसळला! पोरं शिट्ट्या मारायला लागली. वकीलसाहेब शाल दोन्ही हातांत धरून तसेच उभे. हसू मलाही आवरेना. इतकी वर्षं देवाआधी पुजलेला देव तोतया निघाला, याहून मोठा विनोद उज्जैनात झाला नसेल.

त्र्यंबकराव मात्र जागचे हलले नाहीत.

"वो मुझे मालूम है साहब," ते म्हणाले. "ये लड़का कहाँ है, बस इतना बता दीजिए."

सरताजकुमारनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. आवाज खाली आणून म्हणाला, "ये... हाँ. कद मेरे जैसा था. दूर के सीन में मेरी जगह घोड़े से यही गिरता था."

"अब?"

"अब दूसरा गिरता है." मग त्यालाच काही वाटलं असावं. म्हणाला, हा आज लागलेला पिक्चर बनायला कित्येक वर्षं लागली, यात बहुतेक तोच आहे. नाव काय होतं, म्हणून त्यानं आपल्या माणसाला विचारलं. त्या माणसानं खांदे उडवले. तेवढ्यात सेठजींनी फीत कापायला नेलं त्याला.

गिटारी चादरीत बांधून आम्ही दोघं घरी निघालो. त्र्यंबकराव आपणहून बोलायला लागले. मनोहर, त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा एवढासा होता, यांनीच भात कालवून वाढवला. मोठा झाला तसं त्याला सिनेमाचं वेड लागलं. लश्करच्या घरात एक दिवस कडाक्याचं भांडण झालं आणि हे म्हणाले, जा, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.

"आणि त्यानं ऐकलं," त्र्यंबकराव म्हणाले. "आयुष्यात तेवढंच एक ऐकलं माझं."

मग उज्जैनला बदली झाली, पहिल्याच कार्तिक मेळ्याला गेले, तर खेळण्याच्या दुकानात मनू टांगलेला. खाली नाव भलत्याचंच. कंपनीला विचारायला माणूस पाठवला, तर ते म्हणाले, हा सरताजकुमारच आहे. मग करणार काय? दर वर्षी जाऊन बघायचं. "पहिल्या वर्षी गाल भरलेले होते हो. नंतर मिशी ठेवली, वाईट दिसायची, पुढच्या वर्षी काढली ते बरं केलं. शेवटच्यात डोळे खोल गेलेत, पाहिलंत ना?" मी इतक्या वेळा ती भिंत पाहिली होती, डोळे कोण बघतो? चादरीचं ओझं मी माझ्या खांद्यावर घेतलं.

भोपाळला त्यांनी, आणखी चार दिवस जमणार नाही, अशी तार केली आणि दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला मला घेऊन गेले. आयुष्यातला पहिला सिनेमा. अगदी पुढच्या बाकावर बसलो, पडदा अंगावर येत होता. गाणी झाली, नाच झाले, हे गुडघ्यांवर हात ठेवून थांबलेले. शेवटी डोंगरावरून घोडा आला, दूरवर, मुठीएवढा. त्र्यंबकराव उभे राहिले. मागून लोक ओरडले, "ओ बाबूजी, बैठ जाओ!" घोडा उधळला, माणूस उंच उडाला आणि दगडांत आदळून गडगडत खाली आला. त्र्यंबकरावांच्या तोंडून "अगं आई" निघालं. पुढच्याच क्षणी पडदाभर सरताजकुमारचा चेहरा. भांगसुद्धा विस्कटला नव्हता. तो कपडे झटकत उभा राहिला, थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी घोडा येऊन गेल्यावर ते माझ्या कानाशी वाकले.

"पडताना रोज दाखवतात हो," ते म्हणाले. "उठताना एकदाही दाखवत नाहीत त्याला."