चिन्नोर, डुकरं आणि मुन्नालालचं सलून

रानडुकरांचा बंदोबस्त आपण स्वतः करायचा, असं मी ठरवलं आणि तिथंच घोळ झाला. (घरातले निर्णय माझी बायको शामकला घेते. मी आमगावात एका पतसंस्थेत कारकून. मला फक्त शिक्का मारता येतो.)

आमच्या शेतातली एक बांधी चिन्नोर धानाची. तो सुवासिक तांदूळ शामकला विकत नाही. नवा तांदूळ निघाला की तिचा भाऊ वीरेंद्र आणि भावजय दुर्गेश्वरी देवरीहून जेवायला येतात. गेल्या खेपेला दुर्गेश्वरी म्हणाली, "ताई, चिन्नोर पहिल्यासारखा नाही लागत जी." तेव्हापासून तो भात शामकलाच्या इभ्रतीचा प्रश्न झाला होता. आणि यंदा धान लोंबीवर येताच डुकरांनी बांधीत लोळण घेतली.

शेजारचे चैतरामकाका म्हणाले, "धुऱ्यावर सलूनातले केस टाक. डुक्कर हुंगते, केस नाकात जातेत, मंग फिरकत नाही."

मी मुन्नालालच्या सलूनात गेलो. माझ्या डोक्यावरचं पीक केव्हाच निघून गेलेलं, त्यामुळे तो चपापलाच.

"बाबूजी, आप? क्या काटना है?"

"काटना नहीं, ले जाना है. बोरीभर बाल."

त्यानं माझ्या टकलाकडे कळवळून पाहिलं. "एक बोरी में हो जाएगा?"

बांधीभोवतीच्या बांधावर केस टाकले आणि खरोखर डुकरं थांबली! शामकला चक्क म्हणाली, "डोकं चालते तुमचं." लग्नानंतर पहिल्यांदाच! मी आठवडाभर छाती काढून फिरत होतो.

कापणी झाली, मळणी झाली. राइस मिलवाल्यानं विचारलं, "बारदाना आणला का?" माझ्याकडे एक मजबूत पोतं होतं. झटकून दिलं. (चांगलं पोतं फेकायचं कशाला?)

पाहुणे आले. भाताचा घमघमाट सुटला. दुर्गेश्वरीनं घास घेतला, थांबली आणि तोंडातून बोटभर काळा केस ओढून काढला. शामकलाचा चेहरा पडला. मला ते बघवेना.

"केस माझा आहे!" मी ओरडलो.

सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"जीजाजी," दुर्गेश्वरी म्हणाली, "बायकोले वाचवाले खोटं बोला, पण पटन असं तं बोला."

मग सलून, पोतं, सगळं कबूल केलं. वीरेंद्रचा तिसऱ्यांदा वाढलेला भात चालला होता.

"म्हणजे हा केस कोनाचा आहे?" त्यानं विचारलं.

"ते मुन्नालाललेच विचारा लागन."

तो मोरीकडे धावला. शामकलानं भाताचा गंज उचलला आणि थेट धुऱ्यावर रिकामा केला.

सकाळी आम्ही पाहायला गेलो. शीत उरलं नव्हतं. चहूकडे डुकरांच्या खुरांचे ठसे.

"केसासकट खाल्ला," शामकला म्हणाली. "चला, आता पोत्यातला तांदूळ निवडाले बसा."

तेव्हापासून रोज ऑफिसातून आलो की मी ओसरीवर सूप घेऊन बसतो आणि एकेक केस वेचून वाटीत टाकतो. काल चैतरामकाका जाता जाता थांबले. वाटी पाहिली, मग माझं टक्कल पाहिलं.

"काऊन बाबू," ते म्हणाले, "लावासाठी जमा करून राहिला का?"