नानांच्या कुंडीतली थंड हवा

घरात शिरताना पाय धुऊन पुसून या, असं सगळं जग म्हणतं. धुळ्याच्या आमच्या गल्लीत गोविंदनाना ओसरीवरून बजावायचे, "पाय धुवा, पण पुसू नका. ओलेच या." पायांबरोबर घरात ओल जाते आणि ती त्यांच्या ऑर्किडला मानवते, असं त्यांचं शास्त्र. मी पहिल्याच भेटीत त्या ओल्या फरशीवर सपशेल आडवा झालो. नाना म्हणाले, "उत्तम. म्हणजे ओल बरोबर जमलीय."

नानांनी सारी नोकरी जिनिंगात कापसाच्या काट्यावर काढलेली. जन्मभर दुसऱ्याचा माल तोलल्यामुळे स्वतःविषयी शंका म्हणून उरली नव्हती. ऑर्किड हे थंड डोंगरातलं, धुक्यात वाढणारं झाड, ते धुळ्यात जगेल कसं, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "झाड त्यांचं, हवा आपण करू." जणू हवा म्हणजे पिठलंच.

हे झाड आलं त्यांच्या सुनेबरोबर. सुमती महाबळेश्वराकडची. तिचे वडील तिथे एका साहेबाच्या बंगल्यावर कारभारी. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पोरीला असं ऊन लागलं की अंथरूण धरलं, आणि शेवटी तिला माहेरी पाठवावं लागलं. नानांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, हे मुळीच खपलं नाही. आक्का विधवा होऊन खेड्यातून भावाकडे आलेली, आणि घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. तिने निकाल दिला, "पुढला उन्हायाले गयी ते तठेच राहू द्या. आम्ही उन्हाया काढात नहीत का?" सुमतीचा नवरा रस्त्यांच्या मोजणीवर सदा फिरतीवर, तो बिचारा काय बोलणार? पावसाळ्यात सुमती परतली ती वडिलांनी दिलेली कुंडी घेऊन.

नानांनी कुंडी ताब्यात घेतली. चहूबाजूंनी भोकं पाडलेली कुंडी, तिच्यात विटांचे तुकडे, कोळसा आणि शेवाळ. ती ठेवली ओल्या वाळूच्या मोठ्या कुंडीत. माजघराच्या खिडकीला वाळ्याचे पडदे, ते दिवसभर भिजवायचे. माजघरच का, तर म्हणे उजेड उत्तरेचा. सुमतीचं निवडण-टिपण आणि शिवणही तिथेच चाले.

आक्का धुसफुसायची. "समदं पानी त्या बांडगुयले. घरमा मानसे नहीत का?"

"आक्का, झाडाला तोंड नाही. त्याचं आपणच बघायला हवं," नाना म्हणायचे.

त्या काळी सासरा-सून एकमेकांशी बोलत नसत. नाना दाराशी खाकरायचे आणि थेट कुंडीला विचारायचे, "काय, आज डोकं दुखतंय का?" आतून बांगड्या वाजायच्या. "पन्हं घेतलं का?" पुन्हा बांगड्या. मी शेजारच्या भिंतीआडून हे ऐकायचो आणि बायकोला सांगायचो, नाना कामातून गेले. झाडाला पन्हं पाजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वैशाख लागला. गल्लीतली कुत्रीसुद्धा गटार सोडून उठेनात. एका दुपारी नाना नवा वाळा आणायला बाजारात गेलेले. चांभारचौकशा हा माझा जुनाच रोग. बोळात जाऊन मी खिडकीचा पडदा जरा सारला आणि खिडकीशी ठेवलेल्या कुंडीतलं एक पान बोटांत चुरडलं. वास ओळखीचा. अहो, चक्क हळद!

मागे नाना उभे होते. डोक्यावर वाळ्याची मोळी, अंगातून घामाच्या धारा.

"नाना, हे ऑर्किड?"

"ते चैत्रातच गेलं," नाना हळू आवाजात म्हणाले. "पाणी फार झालं. मुळं कुजली, मग त्या जागी हळद लावली. हवा करायला गेलो, तिथेच चुकलं." नाना चुकले, हे मी नानांच्याच तोंडून प्रथम ऐकत होतो.

"मग ही मोळी कशाला?"

"आक्काला बोलू नका. झाड गेलं कळलं की ती पडदे उतरवील. पडदे उतरले की पोरगी पुन्हा आजारी पडेल, आणि या खेपेला माहेरी गेली तर आक्का हिला परत येऊ द्यायची नाही." त्यांनी मोळी खाली ठेवली. "गुणाची पोर आहे हो. मला मुलगी नाही. हिला काय हवं-नको ते विचारायचं कसं, तेही मला येत नाही."

मी मान डोलावली. आणि मोळीचं एक टोक उचलून धरलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बोळात पाण्याचा आवाज आला. नाना तर ओसरीवर घोरत होते. मी डोकावलो. डोक्यावर पदर ओढून आक्का कळशीने बाहेरून पडदा भिजवत होती.

"आक्का, झाडाला पाणी?" मी भीतभीत विचारलं.

"कसानं झाड? जनम चुलीपुढे गया, माले हयदनं पान समजत नहीं का?" तिने दटावलं. "नानाले सांगू नका. त्याले वाटू द्या, मी फसनू."

मग तिने पडदा बोटभर सारून आत पाहिलं. सुमती शिवणावरच डोकं टेकून झोपली होती. आक्काने पडदा पुन्हा नीट केला.

"मी लगीन व्हयीसन सासरले उनू तवय माले बी असंच ऊन लागं व्हतं," ती म्हणाली. "कोनी इचारं नहीं."

आणि उरलेली कळशी तिने पडद्यावर हळूहळू रिती केली, आतल्या पोरीची झोप मोडू नये म्हणून.