बसचा धूर कुणाच्या बाजूला?

"पाइपाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये!" असं क्लेम हार्ग्रीव्ह ज्या दिवशी म्हणाला, त्या दिवशीच त्याचे ग्रह फिरले. बोलण्यात तसं खोटं काही नव्हतं. उत्तर क्वीन्सलँडच्या साखर कारखान्यात त्याने उभी हयात पाइप कापण्यात आणि जोडण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्याने शाळेची एक जुनी बस विकत घेतली, बाकडी उपटून फेकली, आत पलंग, शेगडी आणि फ्रिज बसवला, टपावर सोलरची पॅनल चढवली आणि बायकोला म्हणाला, "चल नोएलीन, तुला पार डार्विन शहरापर्यंत फिरवून आणतो!"

नोएलीन हौसेने निघाली. वाटेतल्या ब्लॅकऑल गावापर्यंत आली. तिथे बार्कू नदीकाठच्या फिरत्या गाड्यांच्या तळावर खाली उतरली आणि म्हणाली, "या बसमधून मी आता एक पाऊल पुढे येणार नाही."

कारण धूर! बसचा सायलेन्सर मागून निघत होता आणि क्लेमने पलंगही नेमका मागेच बसवला होता. मागची खिडकी उघडी ठेवली की बस स्वतःचाच धूर स्वतः ओढून घ्यायची आणि गाद्या-उशांत मुरवायची.

"रात्री उशीवर डोकं टेकलं की डिझेलच्या पंपावर झोपल्यासारखं वाटतं," नोएलीन म्हणाली.

"मग खिडकी बंद ठेव ना!"

"या उकाड्यात? त्यापेक्षा मी थेल्माच्या गाडीतून जाते. तिच्या गाडीला एसी आहे."

थेल्मा आणि तिचा नवरा डेस वाटेत भेटलेले. मोठ्या जीपमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून तेही डार्विनलाच निघाले होते आणि तळावर अगदी शेजारी उतरले होते. थेल्मा दारात उभी राहून ऐकतच होती. "ये गं, ये! मागची सीट रिकामीच आहे," ती म्हणाली.

बस क्लेमने कुणासाठी बांधली होती? कारखान्यात पाळ्या करताना तो एकच चित्र डोळ्यांपुढे आणायचा: आपण गाडी चालवतोय, शेजारी नोएलीन बसलीय आणि पुढे नुसता रस्ता. ती दुसऱ्याच्या गाडीतून गेली, तर त्याने रिकामी बस एकट्याने हाकत डार्विनला जाऊन तिथे काय करायचं?

"उद्या सकाळपर्यंत थांब," तो म्हणाला आणि बसच्या पोटातून पाइप कापायचा ग्राइंडर काढला.

त्याने विचार फार पद्धतशीर केला. मागून नको, तिथे पलंग. डावीकडून नको, तिथे आपलं दार, ताडपत्रीचं छप्पर, खुर्च्या; शिवाय ती फूटपाथची बाजू, कायदाही डावीकडे धूर सोडू देत नाही. राहता राहिली उजवी. उजवीकडे काय आहे? काही नाही! दुपारभर ठिणग्या उडाल्या आणि संध्याकाळी सायलेन्सरचा पाइप उजव्या कुशीतून ऐटीत बाहेर आला.

पाचच्या सुमाराला तळावरची मंडळी रोजच्यासारखी जमली. प्रत्येकाची खुर्ची आपली, बाटली आपली, मत मात्र दुसऱ्याच्या गाडीबद्दल. सगळे पुरुष बाटल्या सांभाळत बसखाली वाकले.

"वाकण जरा जास्त झालंय," एक म्हणाला.

"तोंड खाली हवं होतं," दुसरा म्हणाला.

"धुळीचे लोट उठतील," डेस म्हणाला. "पाइप आणखी हातभर बाहेर घे."

"कुठल्या कारखान्यात होतास रे तू?" क्लेमने विचारलं. डेस पोस्टात होता.

सकाळी क्लेमने इंजिन सुरू केलं. या जुन्या बसला हवेचे ब्रेक. टाकीत हवा भरेपर्यंत ती जागची हलत नाही, नुसती उभ्या उभ्या गुरगुरते. नोएलीन मागच्या खिडकीशी नाक लावून उभी होती.

"येतोय का वास?"

"अजिबात नाही!"

क्लेमला आकाश ठेंगणं झालं! तेवढ्यात पलीकडून आरोळी आली.

तळावर सगळ्या गाड्या एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. म्हणजे प्रत्येकाची उजवी बाजू ही शेजाऱ्याची डावी! आणि डावीकडे काय असतं, हे क्लेमने आदल्या दिवशीच मोजून पाहिलं होतं: दार, छप्पर, खुर्च्या. त्यात आज शेगडीवर डेसचा नाश्ता होता आणि दोरीवर थेल्माच्या धुतलेल्या चादरी.

डेस धुरातून तवा घेऊन बाहेर आला. "क्लेम, हे बेकन बघ! मी तळलं नाही, तू भाजलंयस!"

"चादरी परत धुवायला तूच ये हं," थेल्मा म्हणाली.

"आता मी कुठल्या तोंडाने तिच्या गाडीत बसू?" नोएलीन आतून ओरडली.

ही एक त्यातल्या त्यात चांगली बातमी होती, पण क्लेम घाबरला होता. पुन्हा ग्राइंडर! कारखान्याची चिमणी कुठे जाते? वर! मग बसची का जाऊ नये? त्याने पाइप बाजूने चढवून टपाच्या वर नेला आणि मोठ्या दिमाखात गावात पाणी भरायला बस नेऊन आणली. बाया-माणसं वळून बघत होती. क्लेमने एकदोघांना हातही केला.

संध्याकाळी त्याने भांडण मिटवायचं म्हणून आपल्या फ्रिजमधली बिअर डेसच्या हातात दिली. डेसने एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा बदलला.

"गरम आहे."

क्लेम टपावर चढला. चिमणीने दिवसभरात सोलरच्या पॅनलांवर काजळी चढवली होती, काजळीने वीज अडवली होती आणि विजेविना फ्रिज केव्हाच डोळे मिटून बसला होता.

"धुराचं मी मनावर घेतलं नाही," डेस बाटली खाली ठेवत म्हणाला. "पण माणसाला गरम बिअर देतोस?"

क्लेम शिडीवर बसूनच राहिला. तोंड दाखवायला जागा नव्हती. मागून गेला तर बायको जाते, उजवीकडून गेला तर शेजारी जातो, वरून गेला तर बिअर जाते. धुराने जावं तरी कुठे?

"बस उलटी लाव," नोएलीन खालून म्हणाली.

"काय?"

"पाइप पुन्हा उजवीकडे काढ आणि बस मागे तोंड करून लाव. मग आपला धूर पलीकडच्या गाडीच्या उजव्या अंगाकडे जाईल, तिथे ना दार ना खिडकी. आपलं दार थेल्माच्या दारासमोर येईल."

क्लेमने मनातल्या मनात बस फिरवून पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. मग निमूटपणे ग्राइंडर काढला. त्या संध्याकाळी दोन्ही छपरांचं मिळून छान अंगण झालं. क्लेम आणि डेस पाइपाशी वाकून बोलत राहिले आणि बायका चहा घेत अंगणात.

सकाळी इंजिन सुरू झालं. गाद्यांना वास नाही, चादरी पांढऱ्याशुभ्र, बेकन खमंग, फ्रिज गार! क्लेमने हॉर्न वाजवला. "चल गं! डार्विन!"

नोएलीन थेल्माच्या जीपमध्ये बॅग ठेवत होती.

"अगं, धूर थांबला ना?"

"थांबला की. फार छान केलंस." तिने त्याच्या दंडावर थोपटलं. "पण पाइप कुठे थांबलाय? जेवताना पाइप, झोपताना पाइप, काल तर झोपेतही पाइप! डार्विनपर्यंत मला पाइप ऐकायचा नाही."

"आणि हा घे तुला," असं म्हणत थेल्माने डेसला बसच्या दारात आणून उभं केलं. "याचंही तेच चाललंय."

क्लेमला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, खूपच वाईट वाटलं. डेस शेजारच्या सीटवर बसला आणि बस निघाली. पुढे जीप, तिच्यामागे कॅरॅव्हॅन, काचा बंद आणि आत दोघींचं खिदळणं. मागे बस, उकाड्यामुळे सगळ्या खिडक्या सताड उघड्या.

गाव मागे पडेपर्यंत पुढच्या खिडक्यांतून आलेल्या धुराने बस भरली. क्लेम खोकला. डेसही खोकला.

"डेस," डोळे पुसत क्लेमने विचारलं, "तुझ्या जीपचा पाइप कुठून निघतो रे?"