छावणीच्या हुकुमासाठी नानासाहेबांनी आकाशमार्गे मुंबई गाठिली, त्याची हकीकत

शके अठराशे पंचाण्णव, वैशाख वद्य, वार सोम. ते साली दुष्काळाने भूम परगण्यावर चाल करून विहिरी सर केल्या, ओढे जप्त केले, आणि आमचे गावची साडेअकराशे गुरे वेढ्यात सापडली. वैरण सरली, मग गोठ्यांची छपरे उतरवून पाचट गुरांपुढे टाकिले. दूध सोसायटीचे चेअरमन, राजमान्य राजश्री नानासाहेब यांनी जनावरांच्या छावणीचा अर्ज मुंबई दरबारी गुदरला होता. त्याचा जाब तारेने सकाळी सहास दाखल जाहला की, आज चार वाजता खुद्द हजर व्हावे. कसूर जाहलिया अर्ज खारीज.

एस.टी.ने मुंबई चौदा तास. तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी माणिकप्पा यांनी शाळेचा नकाशा मागवून, औरंगाबादेपासून मुंबईपावेतो दोरा धरून जाहीर केले की, अंतर पावणेदोनशे मैल, विमानास वेळ पाऊण तास.

नानासाहेबांच्या मातुश्री मालनबाई बोलिल्या, "पाऊण तासात माझं दळण होत न्हाय. माणिकप्पा, दोरा नीट धर."

दोरा पुन्हा धरिला. मुंबई तितकीच लांब राहिली.

मग सोसायटीची जीप निघाली, आणि चौसाळ्यास टायर बसला, आणि मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन उकळले, आणि नानासाहेबांनी आपले पिण्याचे पाणी त्यास पाजून, स्वतः कोरड्या घशाने दुपारी साडेबारास औरंगाबादेचा विमानतळ गाठिला. तेथे खबर लागली की, विमानच अद्याप आले नाही. पाऊण तासाच्या मजलेसाठी सवा तास मुक्काम पडला.

विमानात कमरबंद आवळून घेण्याचा हुकूम जाहला. एका बाईने गोळी दिधली. ती बंदुकीची नव्हे, लिमलेटची. विमानाने जमीन सोडिली तैसे नानासाहेबांनी डोळे मिटून भैरवनाथाचा धावा मांडिला. मग धीर करून खाली पाहिले, तो नद्यांच्या जागी पांढऱ्या रेघा, आणि हिरवे म्हणून कोठे काही नाही. भय गेले. शेजारच्या प्रवाशास न दिसेल ऐसे उपरण्याने डोळे टिपिले.

पाऊण तासात मुंबई आली खरी. परंतु उतरण्यास परवाना नव्हता, सबब विमानाने समुद्रावर वीस मिनिटे घिरट्या घातल्या. मग टॅक्सी, मग सचिवालयाचे पाच जिने. चारास तीन मिनिटे कमी असता स्वारी साहेबांपुढे उभी राहिली.

साहेबांनी विचारिले, "जनावरं सध्या खातात काय?"

नानासाहेबांनी कोटाच्या खिशातून मूठभर काळे पाचट काढून टेबलावर ठेविले. "हे. माझ्या गोठ्याचं छप्पर हाय साहेब. आता तेबी सरलं."

साहेबांनी ते बोटांत चुरून पाहिले, आणि सही केली.

दुसरे दिवशी हुकूम घेऊन स्वारी एस.टी.ने परतली. गाव जमला. मालनबाईंनी एकच पुसिले, "नाना, वरून ढग दिसलं का?"

"दिसलं आई. समुद्रावर. काळंभोर."

"किती लांब?"

"इमानानं पाऊण तास."

मालनबाई तत्काळ उठल्या, आणि अंगणातले पापड आत घेण्याचे फर्मान सुटले.

तेच अंतर काटण्यास ढगांस सव्वीस दिवस लागले. तोवर साडेअकराशे गुरे छावणीच्या दावणीस वैरण खात उभी होती. एकही दगावले नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पापड मात्र सादळले.