गोदाआत्यांची मोटार निघाली

गोदाआत्या रोज दिवेलागणीच्या आधी मोटारीतून फिरायला जायच्या, आणि मोटार जागची हलायची नाही.

तुळजापुरात मी मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांच्याच आवारात खोली घेतली होती. पहिल्याच संध्याकाळी पाहतो तर पत्र्याच्या छपराखाली जुनी काळी मोटार, पुढची जागा रिकामी, आणि मागं इरकली लुगड्याचा पदर सावरून बसलेल्या पन्नाशीच्या बाई. मधूनच त्या समोरच्या रिकाम्या जागेला म्हणत, "जरा हळू घ्या. गचका बसतोय." थोड्या वेळानं उतरल्या, न उडालेली धूळ झटकली आणि मला म्हणाल्या, "रस्ता फार खराब झालाय, मास्तर."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

एरवी बाई लाख शहाण्या. गल्लीतल्या निम्म्या भांडणांचा निवाडा त्यांच्या ओट्यावर व्हायचा. फक्त मोटारीची पुढची जागा साहेबांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची. तिथं कुणाला बसू द्यायच्या नाहीत. मांजरालासुद्धा बंदी होती, पण हाकलायची वेळ कधी आली नाही. मांजर दाराशी येऊन थबकायचं, त्या जागेकडं टक लावून बघायचं आणि वळसा घालून निघून जायचं.

"साहेब कुठं असतात?" मी एकदा विचारलं.

"कामाला गेलेत. येतील." कपाळावरचं कुंकू ठसठशीत. गल्लीत विचारलं तर जो तो विषय बदलायचा.

पुढं त्यांच्या कळंबच्या भावानं धोशा लावला, आता एकटी राहू नकोस, इकडं ये. आत्या म्हणाल्या, "येते. पण मोटार घेऊन." इंजिन तर केव्हाच गंजलेलं. शेवटी एका बागायतदाराचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली भाड्यानं ठरवली. सोबतीला मी.

सकाळी फळ्या टाकून, गल्लीतल्या सगळ्यांनी ढकलून मोटार ट्रॉलीवर चढवली. ट्रॅक्टरवाल्या हणमंतानं टपावरून एक चऱ्हाट फेकलं, गाठ मारली आणि हात झटकले. "झालं आत्याबाई. आता हलायची न्हाय."

"ती काय कडब्याची गंजी आहे?" आत्या कडाडल्या. "सोड ते! टप बांधून मोटार थांबत असते का? चाकं बांध, चाकं!"

मग पदर खोचून त्या स्वतःच ट्रॉलीवर चढल्या. प्रत्येक चाकापुढं-मागं लाकडाचे ठोकळे ठोकून घेतले. मोटेचा जाड नाडा चाकांतून ओवून चारी कोपऱ्यांकडं ताणला, त्यात काठी घालून पीळ दिला. पत्रा खरचटू नये म्हणून दोराखाली जुन्या वाकळी. "आणि हे बघ, थोडं गेल्यावर थांबायचं. नवे दोर लगेच ढिले पडतात."

"आत्याबाई, म्या ऊस न्हेतो, कापूस न्हेतो. कुणी एवढं बोललं न्हाय."

"कापसात माणूस बसत नाही," आत्या म्हणाल्या आणि मोटारीत मागं जाऊन बसल्या. मला शेजारी बसवलं.

अशी आमची वरात निघाली. वाटेतली माणसं हसायची, "आरं, मोटारच गाडीत बसली की!" आत्या मात्र गंभीर. खड्डा आला की रिकाम्या जागेला म्हणायच्या, "जरा हळू घ्या," आणि ट्रॅक्टर हळू व्हायचा. हणमंताला एवढ्या धडधडाटात काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यानंही खड्डा पाहिला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

उस्मानाबाद मागं पडलं. येडशीच्या अलीकडं झाडी लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वारा पडलेला. एक पाखरू ओरडत नव्हतं. रस्ता उताराला लागला, डाव्या हाताला दरी, आणि माझ्या डोळ्यांदेखत समोरचं स्टेअरिंग हळूहळू डावीकडं फिरायला लागलं. कुणीतरी सावकाश वळण घ्यावं तसं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आत्या शांतपणे समोर बघून म्हणाल्या, "थांबा."

ट्रॅक्टर थांबला.

हणमंता उडी मारून मागं आला. "मागनं कुणीतरी वढल्यागत झालं, मास्तर." पुढच्या चाकाचा ठोकळा निसटला होता, नाडा सैल पडला होता. अजून एक वळण घेतलं असतं तर मोटार आमच्यासकट दरीत गेली असती. चाक वळलं म्हणून स्टेअरिंग फिरलं. सगळं सरळ होतं. तरी हणमंता पुढच्या रिकाम्या जागेकडं न बघता ठोकळा ठोकायला लागला.

आत्या खाली उतरल्या आणि एका जुन्या चिंचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"इथंच," त्या म्हणाल्या. "निजामी जायच्या आधीच्या गडबडीत. कळंबला कोर्टाचं काम होतं. मोटार इथं उभी सापडली. दार उघडं, इंजिन गरम. साहेब नाहीत. ना कुणी मारलं म्हणतं, ना कुणी पाहिलं म्हणतं. मोटार बैलांनी ओढून घरी आणली. लोक म्हणाले, कुंकू पुसा. कशावरून पुसू, मास्तर?"



मग त्या झाडीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या पिढीतली बाई उखाण्यातसुद्धा नवऱ्याचं नाव लाजत घेते. त्यांनी मोठ्यांदा हाक मारली, "श्रीनिवासराव! आम्ही तुळजापूर सोडलंय हो! कळंबला आहोत, भावाच्या घरी, बाजाराच्या मागं! दारात लिंब आहे! कुणालाही विचारा, दाखवतील!"

झाडीतून काही आलं नाही. आत्या थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग वळल्या.

हणमंता नाड्याला पीळ देता देता थांबला होता. तो पुढं गेला, धडधडणारा ट्रॅक्टर त्यानं बंद केला आणि खाली मान घालून म्हणाला,

"आत्याबाई, आणिक एकदा हाक मारा. या आवाजात ऐकू गेलं नसंल."